आकडा नव्हे, चढण पाहा

‘पीसी फार तापतोय हो,’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, तुमची खोली किती तापलीय? लोक वैतागतात. पण विदर्भातल्या मे महिन्यात भरदुपारी खोलीच 40 अंशांवर असते, आणि फॅनवाला कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत 70 दाखवणारा पीसी मे महिन्यात 90 दाखवू लागला, तर बहुतेक वेळा बिघाड पीसीत नसतो.

मिनी-आयटीएक्स हा 17 बाय 17 सेंटिमीटरचा मदरबोर्ड व्हिया कंपनीने 2001 साली आणला, तो कमी विजेवर भागवणाऱ्या प्रोसेसरांसाठी. आज त्याच तळहाताएवढ्या जागेत आपण रायझन 5 7600एक्स बसवतो. खोक्यावर 105 वॅट लिहिलेलं असतं. जोरात काम लागलं की तो 142 वॅटपर्यंत ओढतो. आणि चपट्या कॅबिनेटमध्ये त्याच्या डोक्यावर मावतो तो जेमतेम 37 मिलिमीटर उंचीचा कूलर.

एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. या पिढीचे प्रोसेसर 95 अंशांपर्यंत चालावेत असेच घडवले आहेत. व्हिडिओ रेंडर होताना 95 दिसले तर दिसू देत. नुसतं ब्राउझर उघडल्यावर दिसले, तर मात्र स्क्रू-ड्रायव्हर काढावा.

नुसत्या आकड्यावर माझा भरवसा नाही. तो कसा चढला ते मी पाहतो. दोन सेकंदांत उसळला, आणि फॅन सांभाळून बोट लावलं तर कूलरच्या फिन्स गारच, म्हणजे उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये. मग कूलर उचलायचा. हा क्षण मला फार आवडतो. तळाला चिकटलेली पेस्ट सगळं सांगून टाकते: मधोमध पातळ, सारखी पसरलेली असेल तर ठीक, एका कडेला लावली तशी जाड राहिली असेल, तर तिथे दाब पडलेलाच नाही. एका बाजूचे स्क्रू आधी गच्च आवळले की हे होतं. तिरपे, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जायचं असतं. कधी तळाची पारदर्शक फिल्मच काढलेली नसते. (हसू नका, चांगले इंजिनियर लोक हे करतात.)

आकडा दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत राहिला, तर कॅबिनेटचं झाकण काढून पाहा. झटकन आठ-दहा अंश उतरले, तर कूलर निर्दोष आहे; तो स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढतोय. फॅन आणि जाळी यांच्यामधली फट फोमच्या कडीने बुजवली की बरंच काम होतं. जाळीवरची धूळ त्याआधी झटका, हे सांगायला नकोच.

राहिली वीज. व्होल्टेज वाढलं की वीज त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे शेवटच्या थोड्याशा वेगासाठी प्रोसेसर भलतीच किंमत मोजतो. बायोसमध्ये इको मोड लावा: 142 चे 88 वॅट होतात आणि गेम खेळताना फरक शोधावा लागतो. रेंडरिंग किंचित रेंगाळतं, ते मला मान्य आहे. तेव्हा नवा कूलर मागवण्याआधी एकदा बायोसमध्ये डोकावून या. आणि पीसी अजून घ्यायचाच असेल, तर छोट्या डब्यासाठी सरळ 65 वॅटचा प्रोसेसर घ्या.