कॅप्टन फ्लुएलेनचे इंग्रजी

शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांतील दुय्यम पात्रे म्हटली की बहुतेकांना जाडा फॉल्स्टाफ आठवतो. मला मात्र १५९९ च्या सुमाराच्या 'पाचवा हेन्री' या नाटकातला वेल्श कॅप्टन फ्लुएलेन अधिक जवळचा वाटतो. हेन्री राजा फ्रान्सवर स्वारी करतो आणि २५ ऑक्टोबर १४१५ रोजी अ‍ॅजिनकोर्टची लढाई जिंकतो; त्याच्या सैन्यातला हा एक अधिकारी. त्याचे नावच पाहा ना. वेल्श लोकांचे 'ल्युएलिन' इंग्रजांच्या जिभेला झेपले नाही, त्याचे फ्लुएलेन झाले!

स्वारी मोठी व्यासंगी. पाँपेच्या छावणीत रात्री कशी शांतता असे, हे लढाईच्या आदल्या रात्री ऐकवणारी. पण इंग्रजी वेल्श वळणाचे, 'ब'चा 'प' करणारे. प्रेक्षक हसतात, आणि हसावे म्हणूनच ते तसे लिहिले आहे.

इथे येऊन हिब्रू शिकलेल्या आपल्या लोकांना हे काय सांगावे? आपला 'र' जिभेच्या टोकावरचा, इथला घशातला. आणि आपले 'ट', 'ड' तर कुठेच लपत नाहीत. मी ज्या कचेरीत होतो तिथे एक गृहस्थ माझे वाक्य माझ्याच सुरात मला परत ऐकवीत. त्या वाक्यात मी हिशेबातली कोणती चूक दाखवली होती, तिकडे त्यांचे लक्षच नसे.

नाटकातही असेच होते. लढाई संपत आली आहे, कैद्यांचे गळे कापण्याचा राजाचा हुकूम सुटला आहे. फ्लुएलेन कौतुकाने राजाची तुलना अलेक्झांडरशी करतो. 'बिग'चे 'पिग', म्हणजे डुक्कर, होते आणि हशा पिकतो. तुलनेला आधार काय, तर दोघांच्याही जन्मभूमीत एकेक नदी आणि दोन्ही नद्यांत सामन मासे! पुन्हा हशा. त्याच दमात तो म्हणतो, अलेक्झांडरने दारूच्या नशेत जिवलग मित्र क्लायटसला मारले. आपल्या राजाने पूर्ण शुद्धीवर असताना त्या जाड्या सरदाराला दूर लोटले. सरदाराचे नाव त्याला आठवत नाही. सोबतचा गॉवर सांगतो, फॉल्स्टाफ. राजाने काळीज मोडले म्हणून फॉल्स्टाफ खचला, हे खाणावळवालीने आधीच सांगितलेले असते. फ्लुएलेनच्या मते ही स्तुती. पण मासे ऐकून हसत बसलेल्याला राजावरचा हा घाव ऐकूच येत नाही. शेक्सपिअरने तो मुद्दामच या तोंडी घातला, असे मला वाटते.

१९४४ च्या ऑलिव्हिएच्या चित्रपटात ही भूमिका एस्मंड नाइटने केली. १९४१ साली 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती, तरी पडद्यावर ते जाणवत नाही.

शेवटी लीकची गोष्ट. लीक म्हणजे कांद्याच्या पातीची जाडजूड थोरली बहीण. इथल्या बाजारातही मिळते. वेल्श लोक ती संत डेव्हिडच्या दिवशी टोपीत खोवतात. बढाईखोर पिस्टल ब्रेड-मीठ घेऊन येतो आणि 'आता खा तुझे लीक' म्हणून फ्लुएलेनला हिणवतो. दुसऱ्या दिवशी फ्लुएलेन सोटा घेऊन त्याला गाठतो आणि ती कच्ची लीक त्यालाच खायला लावतो. वर फुटलेल्या डोक्याच्या औषधपाण्याला चार पेन्सचे नाणे देतो. पिस्टल सूडाच्या शपथा घेतो, पण नाणे ठेवून घेतो.