शेवटचा एक

दोस्तांनो, गेल्या पावसाळ्यात आम्ही मुळशी तालुक्यातल्या लवासाला गेलो होतो. टेमघरचा घाट ओलांडून दासव्याला तलावाकाठी पोचलो, तर धो धो पाऊस! मग काय, भाचेमंडळी खोलीत मोबाइल घेऊन बसली. खेळ होता ‘स्पेस इन्व्हेडर्स’. थोड्याच वेळात धाकटा ओरडला, “मामा, हा चीटिंग करतो! शेवटी मुद्दाम जोरात पळतो!”

माझ्या काळजात चर्र झालं. लहानपणी मीही असंच ओरडलो होतो.

आमच्या गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात हा खेळ होता. पडद्यावर परग्रहावरचे ५५ प्राणी, अकरा-अकराच्या पाच रांगा. ते डावीउजवीकडे सरकत खाली उतरणार आणि आपण खालून गोळ्या झाडायच्या. एकदा मी ५४ टिपले. पण उरलेला एक असा सुसाट सुटला, की माझा पार धुव्वा उडाला! खाऊच्या पैशांतलं शेवटचं नाणं गेलं. सगळ्या पोरांसमोर मी ओरडलो, “काका, तुम्ही मागून बटण दाबता!”

काका काहीच बोलले नाहीत. गल्ल्यातून एक नाणं काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं नाही. तोंड फिरवून निघून आलो, तो पुन्हा त्या दुकानात गेलोच नाही.

खरं कारण मला फार उशिरा कळलं. जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली ताइतो कंपनीसाठी हा खेळ तयार केला. त्यातलं चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा बदलतं, पण दर वेळी एकच प्राणी सरकतो. म्हणजे ५५ जणांची पाळी संपायला जवळजवळ एक सेकंद! जसजसे ते कमी होतात, तसतशी प्रत्येकाची पाळी लवकर येते. एकच उरला, की प्रत्येक पाळी त्याचीच! निशिकादोंच्या हे लक्षात आलं. खेळाची रंगत वाढते म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं.

भाच्याला हे समजावून सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मामा, मग तू काकांना सॉरी म्हणालास?”

नाही रे बाबा. तोवर दुकान बंद होऊन काका कुठे गेले, तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

दोस्तांनो, हरल्यावर राग येतोच. पण कुणाला लबाड म्हणण्याआधी ‘असं का होतं?’ एवढं विचाराल ना?