महालातील थंडी आणि मोरीतले तूप

लेह-लडाखात हिवाळ्यात नळांतील पाणीच गोठते. नागपुरात पाणी गोठत नाही. येथे गोठते ते तूप. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. शुद्ध तूप मात्र वीस अंशांतही थिजते. म्हणूनच आपल्या घरांतील मोऱ्या नेमक्या याच दिवसांत तुंबतात.

गांधी गेटातून आत येऊन महालातील जुन्या वस्तीत शिरावे. दोन घरांच्या मधल्या अरुंद सांदीत भिंतीवरून उतरणारे सांडपाण्याचे पाइप दिसतात. या सांदीत दुपारीही ऊन पोहोचत नाही. जुन्या वाड्यांच्या वाटण्या झाल्या, स्वयंपाकघरे वेगळी झाली. पुष्कळ ठिकाणी सांडपाण्याची वाट मात्र एकच राहिली. त्यामुळे वरच्या मजल्यावरचे तूप खालच्या बिऱ्हाडाची मोरी अडवते आणि भाऊबंदांत विनाकारण कटुता येते.

डिंकाच्या लाडवांचे दिवस, त्यात आपले भोजन सूर्यास्तापूर्वीचे. भांडी लवकर घासून होतात आणि पुढे रात्रभर मोरीत पाण्याचा थेंब पडत नाही. पाइपाच्या आतून बसलेल्या थरावर दुसऱ्या दिवशी दुसरा थर चढतो. हे चक्रवाढ व्याजच होय. मुद्दल लहान असतानाच फेडलेले बरे.

फेड सोपी आहे. तुपकट कढई घासण्यापूर्वी रद्दी कागदाने पुसून घ्यावी. मोरीला जाळी असावी. भांडी आटोपली की तांब्याभर कढत पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून सावकाश ओतावा. पाणी उकळते नसावे. पीव्हीसी पाइप त्याने मऊ पडतो व सांधे सुटतात. मोरी तुंबलीच, तर आधी रबरी पंपाने दाब द्यावा, नंतर प्लंबरकडून लवचीक तार फिरवून घ्यावी. तेजाब किंवा कॉस्टिक ओतण्याची घाई करू नये. तुंबलेल्या पाण्यात ते उसळून डोळ्यांत उडू शकते, आणि पुढे मोरीतील असंख्य जीवांचाही घात होतो.

ताट धुऊन ते पाणी पिण्याची आपली जुनी रीत आहे. तिचा हेतू जीवरक्षेचा. पण ती पाळणाऱ्या घरातून मोरीत तूप जाते तरी किती? महालाजवळून वाहणाऱ्या नाग नदीवर शहराच्या सांडपाण्याचा भार आहेच. तो आपल्या स्वयंपाकघरातून वाढू नये आणि शेजाऱ्याच्या दारी पाणी तुंबू नये, एवढी जतना आपल्या हाती आहे.