दीड वाटी तांदूळ

मुलांना मार्गाला लावणे हे गृहस्थाचे कर्तव्य, असे आपल्याकडे प्रत्येक घरात शिकविले जाते. ते कर्तव्य पार पडल्यावर घरात उरलेल्या दोघांनी कसे राहावे, हे मात्र कोणी शिकवीत नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी गेल्या आषाढात प्रथमच दोन ताटे मांडली गेली. कन्या आधीच सासरी गेली होती. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरला गेले. तरीही गृहिणीच्या हाताने डब्यातून पूर्वीप्रमाणे तीन वाट्या तांदूळच निघत. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा घरचा नियम, आणि रात्र उलटलेला भात चालत नाही. उरलेला भात रोज सायंकाळी शेजारच्या गोठ्यात जाऊ लागला.

गृहस्थांना हे दिसत होते. हळकुंड मोडताच मालाची प्रत सांगणारा हा माणूस घरातील गोष्टींविषयी बोलण्यास मात्र सरावलेला नव्हता. इतकी वर्षे त्यांचे सायंकाळचे जेवण डब्यातून दुकानी जात असे. आता ते पाच वाजताच घरी येऊ लागले. पत्नीचा गुडघा दुखतो, हे त्यांना तेव्हा कळले. पाणी गाळणे, डाळ निवडणे, अंथरुणे घालणे ही कामे त्यांनी आपल्याकडे घेतली. पहिल्या दिवशी गाळणे एकेरीच धरलेले पाहून त्या म्हणाल्या, “अहो, दुहेरी घ्या.” पंचवीस वर्षांत घरकामातील हा त्यांना मिळालेला पहिला धडा.

मार्गशीर्षात, हळदीचा नवा हंगाम सुरू होण्यास अवकाश असताना, एका शनिवारी उभयता कुंभोज बाहुबलीला निघाले. मिरजेहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाडीने हातकणंगले, तेथून रिक्षा. मुले लहान असताना ही यात्रा नेहमी सकाळी जाऊन दुपारी परतण्याची असे. या वेळी धर्मशाळेत मुक्काम ठरला होता.

दुपार कलल्यावर दोघे 28 फुटी संगमरवरी मूर्तीसमोर बसले. बाहुबलींनी वर्षभर उभे राहून तप केले, अंगावर वेली चढल्या. तरी आपण भरताच्या भूमीवर उभे आहोत, एवढे एक शल्य मनात राहिले आणि केवलज्ञान अडले, अशी कथा सांगतात. ती कथा दोघांनाही पाठ होती. बऱ्याच वेळाने गृहस्थ म्हणाले, “वडिलांनी उभे केलेले दुकान. माझ्यामागे ते कोण उघडणार, हे त्याला मी एकदाही विचारले नाही.”

“त्याने तुम्हाला विचारले होते,” त्या म्हणाल्या. “जाण्यापूर्वी दोनदा. तुम्ही खातेवहीतून मान वर केली नाहीत. तो मला म्हणाला, ‘बाबांनी थांब म्हटले असते, तर थांबलो असतो.’”

“हे तू मला इतके दिवस का सांगितले नाहीस?”

“कधी सांगायचे होते? तुम्ही घरी होता कधी?”

त्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते त्यांना अधिक लागले.

त्या रात्री धर्मशाळेच्या ओसरीवरून त्यांनी मुलाला स्वतः दूरध्वनी केला. आजवर तो क्रमांक लावण्याचे काम नेहमी पत्नीचे असे. त्याने दुकानाची चौकशी केली. ते म्हणाले, “दुकानाचे मी पाहतो. त्याचा भार तू मनावर ठेवू नकोस. तुला जेव्हा विचारायचे होते, तेव्हा मी ऐकले नाही. ती चूक माझी.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही दोघे इकडे कधी येता?”

रविवारी सूर्य मावळण्यास तासभर असताना उभयता घरी परतले. पायऱ्या चढल्याने गुडघा ठणकत होता, म्हणून तांदूळ काढण्यास गृहस्थच उठले. पितळी वाटी हाती घेऊन त्यांनी विचारले, “किती घालू?”

त्या क्षणभर थांबल्या. “दीड वाटी पुरे.”

त्या सायंकाळी पातेल्यात भात उरला नाही.