इयत्ता चौथी, लेखन दुसरीचे

भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या कन्यांना लिपी व अंकविद्या शिकवली, ही कथा आपल्या घरांतील मुले पाठशाळेत लहानपणीच ऐकतात. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ती सविस्तर आली आहे. शिकवणारा पिता होता आणि विद्यार्थिनी त्याच्या मांडीवर बसलेल्या होत्या, हा तपशील मात्र कथा सांगताना बहुधा मागे पडतो. शाळा सोडून मुलाला घरी शिकवण्याचा निर्णय एखादे कुटुंब घेते, तेव्हा त्या तपशिलाची आठवण धीर देणारी ठरते. पण धीर आला तरी दुसऱ्याच दिवशी एक व्यावहारिक प्रश्न समोर उभा राहतो. लेखनासाठी मुलाच्या हाती पुस्तक द्यायचे ते कोणत्या इयत्तेचे?

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. माडिया समाजाच्या ठाकूरदेवाचे ते स्थान आणि त्याच डोंगराच्या पोटात लोहखनिज. खाणीचे काम वाढले तशी रस्त्यावरची वर्दळ वाढली आणि तिच्याबरोबर व्यापारही. या पट्ट्यातील अशाच एका किराणा दुकानामागील घरात नऊ वर्षांची एक मुलगी वसतिगृहाच्या शाळेतून परत आली. तिचे मन तेथे रमत नव्हते, प्रकृतीही साथ देत नव्हती. चौथीचे अर्धे वर्ष झाले होते. पुढचे शिक्षण घरीच द्यायचे, असे आईवडिलांनी ठरवले.

आईने बालभारतीचे चौथीचे मराठी पुस्तक आणले. चौथीची मुलगी म्हणून चौथीचे पुस्तक, हा हिशेब सरळ वाटला. मुलगी चुणचुणीत. भक्तामर स्तोत्र तिला मुखोद्गत, प्रतिक्रमणाची सूत्रे न अडखळता म्हणणारी. आजीचे म्हणणे होते की जिला एवढे पाठ आहे तिला दहा ओळींचा निबंध काय जड जाणार! पहिल्याच आठवड्यात ‘माझे आवडते फूल’ या विषयावर तीन ओळी लिहून मुलगी रडू लागली. घाबरलेल्या आईने लगेच दुसरीचे पुस्तक काढले, तेव्हा मुलीने ते बाजूला सारले. “मी काय लहान आहे का, आई?”

येथे पाठशाळेविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्या मुलांची पाठांतराची शक्ती लहान वयातच तयार होते, हे आपले भाग्यच. पण त्या शक्तीवरून लेखनाचा अंदाज बांधणाऱ्या पालकांची हमखास फसगत होते. पाठांतरात शब्द दुसऱ्याने दिलेले असतात. लेखनात ते स्वतः शोधायचे, क्रमाने लावायचे, त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळायचे आणि त्याच वेळी हाताने अक्षरही वळवायचे. एवढी सगळी कामे एकाच क्षणी करताना लहान मूल थकते, आणि ते थकले की मोठी माणसे त्याला आळशी म्हणतात.

दुकानावर नेहमी येणाऱ्या जिल्हा परिषदेच्या एका निवृत्त गुरुजींनी आईला एक साधा उपाय सुचवला. पुस्तक आठ दिवस बंद ठेवायचे आणि मुलीच्या लेखनाचे तीन नमुने घ्यायचे. एक, समोरचा परिच्छेद पाहून लिहिणे. दुसरा, श्रुतलेखन. तिसरा, कोणाच्याही मदतीशिवाय मनाचे लिहिणे. याखेरीज एकदा मुलीने नुसते बोलायचे आणि आईने ते जसेच्या तसे उतरवून घ्यायचे.

नमुने हाती आले तेव्हा चित्र उलगडले. पाहून लिहिलेला परिच्छेद स्वच्छ होता, अक्षर वळणदार. श्रुतलेखनात ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘शाळा’चे ‘शाला’ झाले होते. ‘सूर्य’ लिहिताना रफार भलत्याच अक्षरावर गेला होता. मनाच्या लेखनात ‘दुकान मध्ये’, ‘बाजार ला’ अशी रूपे होती. घरात मारवाडी, गल्ल्यावर हिंदी, गिऱ्हाइकांकडून माडिया आणि तेलुगू कानावर येणारी, शाळेत इंग्रजी. अशा मुलीला मराठीतील सामान्यरूप, म्हणजे ‘दुकान’चे ‘दुकानात’ होणे, कोणी निगुतीने शिकवलेच नव्हते. आणि बोललेला मजकूर? आठवडी बाजाराच्या दिवशी अचानक आलेला पाऊस, भिजू नये म्हणून पाटीत झाकलेली मोहफुले, काट्याकडे डोळे लावून बसलेली म्हातारी, हे सारे मुलीने इतके नेटके सांगितले की आईची दोन पाने भरली. विचार चौथीच्याही पुढचा, शुद्धलेखन दुसरीचे आणि मराठीचे व्याकरण त्याहून कच्चे. एका मुलीच्या लेखनाला एकच इयत्ता लावणे शक्य नव्हते.

दिवाळीला नवी वही घालताना कोणताही व्यापारी गेल्या वर्षीच्या कागदावर विसंबत नाही, गोदामात जाऊन माल मोजतो. मुलांच्या बाबतीत मात्र आपण दाखल्यावरील इयत्ता पाहतो आणि निश्चिंत होतो. देशभरातील ग्रामीण मुलांची वाचनक्षमता घरोघर जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ अहवालाने २०२२ मध्ये दाखवून दिले की पाचवीतील सुमारे ४३ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. तेव्हा चौथीच्या मुलीचे शुद्धलेखन दुसरीचे निघाले यात लाजण्यासारखे काही नाही.

पुस्तकाची निवड मग सोपी झाली. महाराष्ट्रात मराठीची पाठ्यपुस्तके दोन प्रकारची असतात: मराठी माध्यमाच्या मुलांसाठी बालभारती आणि अन्य माध्यमांतील मुलांसाठी सुलभभारती. घरी मराठी न बोलणाऱ्या व्यापारी कुटुंबांत सुलभभारतीकडे कमी दर्जाचे पुस्तक म्हणून पाहिले जाते. तो गैरसमज आहे. मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठीच त्याची रचना केलेली असते. आईने व्याकरण आणि शुद्धलेखनासाठी सुलभभारतीचा खालचा भाग घेतला. वाचन आणि गप्पांसाठी चौथीची बालभारती तशीच राहिली, त्यामुळे मुलीचा मानही राहिला. दुसरीच्या पुस्तकाला तपकिरी कागदाचे वेष्टन घातले गेले. हा आजीचा सल्ला, आणि तो फार शहाणपणाचा होता.

वडिलांना चिंता होती ती वर्ष वाया जाण्याची. ती अनाठायी नव्हती, पण तिला उत्तर होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख नाही. मात्र त्याच्या कलम ४ नुसार शिक्षण अपुरे राहिलेल्या मुलाला पुन्हा शाळेत यायचे असल्यास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेला भाग भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही असतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवीच्या तोडीचे मानले जातात आणि तिची माध्यमिक परीक्षा वयाच्या चौदाव्या वर्षापासून देता येते. घरी दुसरीचे शुद्धलेखन गिरवल्याने यांतील कोणतेही दार बंद होत नाही.

पुस्तकाची भाषा आणि मुलाची भाषा यांतील हे अंतर या जंगलभागाला नवे नाही. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात १९७६ मध्ये शाळा सुरू झाली, तेव्हा समोर बसलेली मुले माडिया बोलणारी होती आणि पुस्तके मराठीत. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच काढली. त्या मुलांपुढील अडचण व्यापारी घरातील मुलीपेक्षा कितीतरी मोठी आहे. तरी मूल काय घेऊन आले आहे ते आधी पाहावे, हे दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

या घरात आता सूर्यास्ताच्या भोजनापूर्वी वीस मिनिटे लेखन होते, अधिक नाही. पहिला निबंध सहा महिने नको, असे आईने ठरवले आहे. त्याऐवजी चंद्रपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडे जाणारी मालाची यादी मुलगी लिहिते. यादीत ‘गूळ’ चुकला तर दुकानातला नोकर हसतो, म्हणून ‘ळ’ आता पुष्कळसा जागेवर येऊ लागला आहे. भद्रावतीला, केसरियाजी पार्श्वनाथांच्या तीर्थाजवळ राहणाऱ्या भुवासाठी पंधरवड्याला एक पत्र जाते. पत्र आधी तोंडाने सांगायचे, आईने त्यातल्या अवघड शब्दांची रूपे पाटीवर लिहून द्यायची, मग मुलीने लिहायचे. पहिले पत्र चार ओळींचे होते. पर्युषणात गेलेले पत्र पानभर झाले आणि त्यात ‘बाजारात’, ‘दुकानात’ ही रूपे बरोबर होती. ‘मंदिर मध्ये’ मात्र तसेच राहिले.

पहिले तिन्ही नमुने तारीख घालून एका फायलीत ठेवले आहेत. दिवाळीनंतर तोच परिच्छेद, तेच श्रुतलेखन पुन्हा घ्यायचे आहे. तोवर वडिलांनी पाचवीच्या पुस्तकांची चौकशी करू नये, असे घरात ठरले आहे. अधूनमधून ते करतातच.