दुसरा ताव

पोलादाला पाणी देताना बघायला लोकांना आवडतं. लालभडक जॉब सांडशीत धरून भट्टीबाहेर येतो, तेलात उतरतो, चर्र आवाज होतो, धूर उठतो आणि काही सेकंदांत पोलादाची जात बदलते. मग तोच जॉब टेम्परिंगसाठी दीडशे-दोनशे अंशांवर दोन तास नुसता पडून राहतो, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. माझं म्हणणं असं, की हत्यार टिकणार की तुटणार हे बरंचसं या दुसऱ्या तावात ठरतं. आणि ज्या एचआरसीच्या, म्हणजे रॉकवेल कडकपणाच्या, आकड्यावर आपला माल पास-नापास होतो, त्या आकड्यात हाच ताव धड उमटत नाही. म्हणून घाई झाली की काटछाट होते ती इथेच.

ईएन ३१ घ्या. बेअरिंगचं पोलाद, कार्बन साधारण एक टक्का. तापल्यावर कार्बन लोखंडात विरघळतो. तेलात अचानक थंड झाल्यावर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि लोखंडाची जाळी ताणून धरतो. हेच मार्टेन्साइट. ते तयार होताना पोलाद फुगतं, पण आधी कातडी फुगून कडक होते आणि गाभा मागाहून फुगतो, कातडीला आतून रेटतो. असा जॉब रात्रभर टेबलावर ठेवला, तर कोणी हात न लावताही सकाळी त्याला चीर गेलेली असू शकते. म्हणून तो हाताला कोमट लागतो तेव्हाच टेम्परिंगला जायला हवा. १६०-१८० अंशांवर कार्बन अतिसूक्ष्म कणांनी बाहेर पडतो, ताण सैलावतो, आणि ६४ चा आकडा ६१-६२ वर येतो. आकडा दोन-तीनच उतरतो, पण ठिसूळपणात पडलेला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. तीन इंच जाडीचा जॉब अर्ध्या तासात काढला तर गाभा तापलेलाही नसतो; कडकपणा मोजणारा टेस्टर मात्र कातडीवरच टेकतो.

यावर चलाख गिऱ्हाईक विचारतं: शेवटी नरमच करायचं, तर आधी पूर्ण कडक कशाला? थोडं सावकाश थंड करा, हवा तो आकडा थेट मिळेल. आकडा मिळेलही. पण अर्धवट थंड झालेल्या पोलादात मार्टेन्साइटबरोबर इतर नरम घटकांची खिचडी असते. ईएन २४ चा शाफ्ट पूर्ण कडक करून मग ६०० अंशांच्या आसपास उतरवला, तर तेवढ्याच कडकपणाच्या खिचडीपेक्षा तो उशिरा वाकतो आणि जास्त धक्के सोसतो.

आकड्याची खरी फजिती होते ती हायस्पीड स्टीलमध्ये. टेलर आणि व्हाइट यांनी अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलमध्ये १८९८ च्या सुमारास हत्यारं जवळजवळ वितळेपर्यंत तापवून पाहिली, तेव्हा सगळ्या जुन्या कारागिरांच्या मते ते पोलाद जाळणं होतं. पण ती हत्यारं लालबुंद होऊनही कापत राहिली, आणि १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात जगाने ते पाहिलं. (स्टॉपवॉच घेऊन कामगारांचे सेकंद मोजणारा टेलर तो हाच. त्याच्या घराण्यातल्या पोलादाला आज भट्टीत तीन-तीन फेऱ्या लागतात, हे मला जरा गमतीचं वाटतं.) आजचं एम २ साधारण १२०० अंशांवरून थंड केलं की ६४ च्या आसपास आकडा दाखवतं. ५५० अंशांवर तीनदा टेम्पर केलं, तरी आकडा साधारण तोच! मधल्या काळात आत मात्र उलथापालथ झालेली असते. पाणी दिल्यावर पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त पोलाद न बदलता ऑस्टेनाइटच, म्हणजे तापलेल्या अवस्थेतल्याच रचनेत, राहिलेलं असतं. पहिल्या टेम्परनंतर थंड होताना त्यातलं बरंच मार्टेन्साइट होतं, तेही ताजं, ठिसूळ, म्हणून दुसरा टेम्पर, आणि उरलंसुरलं आवरायला तिसरा. एकही टेम्पर न झालेलं ड्रिल आणि तीनदा झालेलं ड्रिल टेस्टरवर शेजारी ठेवा, फरक सांगता येणार नाही. मशीनवर मात्र लगेच कळेल.

लोहार तर पिढ्यानपिढ्या थर्मामीटरशिवाय, रंग बघून टेम्पर करत आले, मग हा बडेजाव कशाला? आक्षेप रास्त आहे. छिन्नीचं फक्त टोक विझवायचं, दगडावर उजळ करायचं, मागची धग पुढे सरकते तसे रंग चढतात: २३० ला गवती, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. हवा तो रंग धारेशी आला की पुन्हा पाण्यात. रंग म्हणजे ऑक्साइडचा अतिपातळ थर. तो जाड होतो तसा रंग बदलतो, आणि जाडी तापमानाइतकीच वेळेवरही अवलंबून असते. लोहाराचं पोलाद, जाडी आणि दोन-चार मिनिटांचा वेळ ठरलेला, म्हणून त्याचा रंग खरा. भट्टीत दोन तास ठेवलेल्या जॉबवर तोच गवती रंग कमी तापमानाला येतो, आणि भरपूर क्रोमियमच्या डी २ वर उशिरा. शिवाय लोहार आकडा घेतच नाही. तो छिन्नी दगडावर मारून बघतो, म्हणजे टेस्टर जे सोडून देतो नेमकं तेच तपासतो.

टेस्टर मिनिटात उत्तर देतो आणि जॉब मोडत नाही. चिवटपणा मोजायचा तर नमुना तोडावा लागतो. तेव्हा आकडा हवाच. पण त्याच्यासोबत टेम्परिंगचा चार्टही मागायला हवा: किती अंश, किती तास, किती वेळा, आणि पाणी दिल्यानंतर किती वेळाने. अडचण चार्टच्या कागदाची नाही, दराची आहे. जॉबवर्कचा दर बहुधा किलोवर ठरतो आणि टेम्परिंगचे तास त्यात वेगळे दिसत नाहीत. बिलात त्यांची वेगळी ओळ आली, तर गिऱ्हाईक निदान त्यांच्याबद्दल विचारायला तरी लागेल.