थोरला भाऊ अंगणात उभा आहे

गोष्टीविषयी बोलताना क्रियापद कोणत्या काळात ठेवावे, हा प्रश्न शाळामास्तरांचा वाटेल. पण दर रविवारी प्रवचनास उभे राहणाऱ्या धर्मगुरूचीही त्यातून सुटका नाही.

धर्मग्रामातील मुलांचे पुस्तक-परिचयाचे निबंध आमच्याकडे तपासण्यास येतात. बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’वर एका मुलीने लिहिले होते, की पदमनजींनी ही कादंबरी लिहिली, तीत यमुना पतीबरोबर प्रवासास निघते, विधवांची दुःखे पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. लेखकासाठी भूतकाळ, यमुनेसाठी वर्तमानकाळ! दुसऱ्या निबंधात सरसकट ‘निघाली, पाहिली, झाली’. आम्ही पहिलीला अधिक गुण दिले. पदमनजी १९०६ साली निवर्तले, त्यांचे लिहिणे संपले. यमुना मात्र जो कोणी पुस्तक उघडील त्याच्यासमोर पुन्हा प्रवासास निघते. (पदमनजी आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, तरी त्यांचे पुस्तक आपल्या मुलांनी वाचावे, असे आम्हांस वाटते.)

मराठीत तर काळ बदलला की वाक्याचा धनीच बदलतो. उधळ्या पुत्राचा दाखला घ्या. ‘बापाने झगा मागवला, अंगठी मागवली, जोडे मागवले’ असे म्हटले की बापाला ‘ने’ चिकटतो आणि क्रियापद प्रत्येक वेळी वस्तूचे लिंग-वचन धरते. ‘बाप झगा मागवतो, अंगठी मागवतो, जोडे मागवतो’ असे म्हणा. क्रियापद तिन्ही वेळा बापाचेच राहते. प्रवचनात आम्ही दुसरी रीत पत्करतो. त्या घरी झग्याहून बाप मोठा आहे.

परंतु हीच रीत सर्वत्र चालविली तर घोटाळा होतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात यरीहोच्या वाटेवरचा शोमरोनी जखमा बांधतो आणि येशू क्रुसावर मरतो, ही दोन्ही वाक्ये एकाच सुरात कानी पडली, तर मुलाने दोहोंना गोष्टच का समजू नये? शोमरोन्याला नाव नाही, त्याच्या प्रवासाला साल नाही. प्रभूने तो दाखल्यासाठी उभा केला. क्रुसाचे तसे नव्हे. विश्वासाच्या अंगीकारात प्रभूचे दुःखसहन, मरण आणि दफन भूतकाळात येते, आणि सोबत पिलाताचे नाव येते. एका रोमन सुभेदाराला आपण रविवारच्या प्रार्थनेत जागा दिली आहे ती एवढ्याचसाठी, की हे घडले.

येथे कोणी संत मार्काचा हवाला देईल. त्याच्या ग्रीक शुभवर्तमानात घडलेल्या गोष्टी सुमारे दीडशे ठिकाणी वर्तमानकाळात सांगितल्या आहेत. तेच प्रसंग घेताना संत लूकने बहुतेक जागी भूतकाळ घातला. मार्काला घाई आहे, तो श्रोत्याचा हात धरून त्याला गालीलात नेतो. मार्काला ते शोभते. दहा वर्षांच्या मुलांपुढे आम्ही लूकची शिस्त पाळतो.

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांचे धाकट्या भावाशी वाडीच्या बांधावरून अनेक वर्षे बोलणे नाही. उपवासकाळात हा दाखला वाचला गेला, त्या दिवशी मिस्सानंतर ते थांबले.

‘‘फादर, तो थोरला मग आत गेला का?’’

‘‘लूक ते सांगत नाही, काका. तो बाहेर उभा आहे.’’

‘‘आणि बाप?’’

‘‘तोही बाहेरच आहे. त्याची समजूत घालतो आहे.’’

काकांनी टोपी डोक्यावर ठेवली, छत्री उचलली आणि काही न बोलता फाटकाकडे चालू लागले.